‘नाटा’ आणि ‘शातल’

पेरणी निराळी व लावणी निराळी, हे वऱ्हाडातील धर्मबंधूंस आम्ही सांगावयास नको. कापूस व तूर पेरावयाची, संत्र्याचे कलम लावावयाचे. इब्री भाषेतही पेरण्यास ‘झारा’ व लावण्यास ‘नाटा’ असे वेगळे शब्द आहेत.

एदेन बाग परमेश्वराने स्वतः लावली, तेथे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात ‘नाटा’ हेच क्रियापद येते. नोहाचा द्राक्षमळा व अब्राहामाने बैरशेबा येथे लावलेले झाड यांसही तेच. परंतु दानीएलाच्या ग्रंथात राजाचा तंबू ठोकण्यासही हाच शब्द आहे. तेव्हा आमचे ‘रोवणे’ त्यास अधिक जवळचे, कारण आपण रोपही रोवतो व खांबही. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायाप्रमाणे लावलेल्या झाडाचे फळ तीन वर्षे वर्ज्य, चौथ्या वर्षाचे परमेश्वराचे, पाचव्या वर्षी मालकाने खावे. वरुड-मोर्शीकडील बागाईतदारही पाचव्या वर्षाच्या सुमारासच पहिला बहार धरतो. मोशेचे शास्त्र त्यास जड वाटू नये!

‘शातल’ हा शब्द मात्र विरळा. पहिल्या स्तोत्रातील पाण्याच्या प्रवाहाजवळचे झाड या शब्दाने वर्णिले आहे. चर्चमध्ये रूढ झालेल्या लॅटिन स्तोत्रसंहितेत तेथे ‘प्लान्तातुम’, म्हणजे नुसते ‘लावलेले’, असे आहे. पण संत जेरोम यांनी मूळ इब्रीवरून केलेल्या भाषांतरात ‘त्रान्सप्लान्तातुम’ असे घातले, म्हणजे एका जागचे काढून दुसऱ्या जागी लावलेले. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढविलेले कलम रोपवाटिकेतून शेतात नेतात, तसेच हे झाड होय.

आपला धर्म परदेशचे रोप आहे, असे आम्हांस कित्येकदा ऐकविले जाते. आन्सी नगरात १८३८ साली स्थापन झालेल्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी मध्य हिंदुस्थानात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत झाला आणि ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावती धर्मप्रांत निघाला. अकोल्याचे भाविक याच धर्मप्रांतात येतात. रोप बाहेरून आले, हे आम्ही नाकारीत नाही. वरुडच्या बागेतले कोणते झाड जागच्या जागी उगवले आहे?

यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांस पत्र धाडले, त्यात घरे बांधा, बागा लावा, असे सांगताना ‘नाटा’ हाच शब्द योजिला. परतण्यास सत्तर वर्षे लागतील, हेही त्याच पत्रात होते. ज्यांनी त्या बागा लावल्या, त्यांतील बहुतेकांच्या अस्थी बाबेलच्याच मातीत राहिल्या असतील.