रायपुरातील मराठी घरांचा हिवाळा

छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल १७४१च्या स्वारीनंतर बसला. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरातून कारभार पाहत. १८१८ मध्ये कारभाराचे ठाणे रायपूरला हलले. आज तिथल्या शंकर नगरसारख्या वस्त्यांतही मराठी घरे आहेत.

मराठी हिवाळी आहार भोगीची मिसळ भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ आणि डिंकाचे लाडू यांचा. छत्तीसगडची देणगी हिरव्या भाजीची. भाजीसाठी हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडले की रोपाला फुटवे येतात. म्हणजे ताटात भाजी आणि शेतात घाटेही. ही जोड फार शहाणपणाची आहे.

पौष पौर्णिमेच्या छेरछेरा या छत्तीसगडी सणाला मुले झोळ्या घेऊन दारोदार नवे धान मागतात. थंडीत मुलांना पायी हिंडवणारा हा सण मराठी घरांनीही जरूर साजरा करावा.