नाताळची भेट आणि दात्याचे नाव: नगरच्या मंडळीच्या इतिहासातील एक प्रकरण

नाताळच्या दिवशी आप्तेष्टांना वस्तू देण्याऐवजी त्यांच्या नावाने एखाद्या सेवाभावी संस्थेला देणगी द्यायची आणि त्या देणगीची खूण म्हणून एक कार्ड तेवढे आप्ताच्या हाती ठेवायचे, ही रीत गेल्या दोन-तीन दशकांत पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजली आहे. ब्रिटनमधील ऑक्सफॅम या संस्थेने २००४ मध्ये अशा भेटींची सूचीच काढली आणि शेळी, शाळेची पुस्तके, पिण्याच्या पाण्याची सोय यांच्या किमती छापून ग्राहकाला निवड करण्याची सोय करून दिली. पैसे देणारा एका शहरात, कार्ड मिळणारा दुसऱ्या शहरात आणि शेळी आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या एखाद्या खेड्यात, असा हा तीन टोकांचा व्यवहार आहे. बाजाराने व्यापलेल्या नाताळाला कंटाळलेल्या आजच्या पिढीने तो शोधून काढला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अहमदनगरच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या, ख्रिस्ती मंडळीचा इतिहास पाहिला म्हणजे हा व्यवहार शंभराहून अधिक वर्षांचा ठरतो, आणि त्या काळी त्याच्या तिसऱ्या टोकाला, घेणाऱ्याच्या जागी, याच जिल्ह्यातली मुले उभी होती असे दिसते.

एके काळी शहराबाहेरचे स्वतंत्र गाव असलेली आणि आज मनमाड रस्त्याच्या अंगाने पसरलेले मोठे उपनगर झालेली सावेडी या इतिहासाच्या परिसरातच येते. प्रेमदान चौक, बालिकाश्रम रोड ही तिच्या पत्त्यांत रोज उच्चारली जाणारी नावे दानाशी आणि मुलींच्या आश्रमाशी नाते सांगणारी आहेत. या भागातील मराठी ख्रिस्ती घरांतून डिसेंबरात कंदील लागतात, करंज्या-चकल्यांचा फराळ होतो आणि शेजारच्या हिंदू-मुसलमान घरी त्याची ताटे जातात. म्हणजे येथे नाताळची भेट मुळातच दुकानातून आणलेल्या वस्तूपेक्षा घरच्या पदार्थांची अधिक राहिली आहे.

दुसऱ्याच्या नावाने दान करणे ही कल्पनाही मराठी समाजाला नवी नव्हती. देवळाच्या पायरीवर, घाटावर किंवा पाणपोईवर ‘स्मरणार्थ’ हा शब्द कोरून आईवडिलांच्या नावे दिलेली देणगी सर्वत्र दिसते. आज ज्यांचे नाव या जिल्ह्याला मिळाले आहे त्या चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी आपल्या खासगीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीपासून वेगळ्या अशा स्वतःच्या उत्पन्नातून, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि धर्मशाळा उभारल्या. बाजारपेठांतून प्रत्येक सौद्यामागे ‘धर्मादाय’ म्हणून थोडी रक्कम कापून ठेवण्याची व्यापाऱ्यांची रीत तर इतकी पक्की होती की १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात तिच्यासाठी वेगळे कलम घालावे लागले आणि असा पैसा गोळा करणारा व्यापारी त्या पैशाचा विश्वस्त ठरला. मात्र या सर्व दानांत ज्याच्या नावाने दान होते तो बहुधा दिवंगत असतो आणि त्याला मिळते ते पुण्य. जिवंत माणसाला सणाची भेट म्हणून दुसऱ्या कोणाचे तरी पोट भरल्याची वार्ता द्यायची, ही गोष्ट वेगळी आहे आणि तिचा उगम शोधायला बोस्टनकडे वळावे लागते.

१८१० मध्ये स्थापन झालेल्या आणि बोस्टनहून चालणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे कार्यकर्ते १८१३ मध्ये मुंबईस आले, आणि त्यांच्या मराठी शाखेतील, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनमधील, ॲलन ग्रेव्ह्ज, विल्यम हर्व्ही व हॉलिस रीड हे तिघे २० डिसेंबर १८३१ रोजी अहमदनगरला पोचले. नाताळ पाच दिवसांवर होता. तरीही नगरच्या मिशनचा आरंभ नाताळच्या उत्सवाने झाला असे समजणे चूक ठरेल. हे लोक न्यू इंग्लंडच्या ज्या प्युरिटन परंपरेत वाढले होते तिला हा सणच मान्य नव्हता. बायबलमध्ये ज्याची आज्ञा नाही असा कोणताही उत्सव पाळू नये असे मानणाऱ्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता, आणि तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला तरी त्या राज्यात नाताळला सार्वजनिक सुट्टी मिळण्यास १८५६ साल उजाडले. नगरच्या पहिल्या मंडळीने, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या सभासदांच्या स्थानिक संघाने, दानाची ओळख करून घेतली ती सणातून नव्हे, तर गरीबखान्यातून. वृद्ध, अपंग आणि निराश्रितांसाठी शहरात चाललेल्या त्या संस्थेत मिशनऱ्यांनी व त्यांचे ब्राह्मण सहकारी बाबाजी यांनी काम केले आणि १८३३ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीतले बरेच जण त्याच गरीबखान्यातून आले. ज्यांच्याकडे देण्यासारखे काहीच नव्हते अशा माणसांपासून ही मंडळी सुरू झाली, ही गोष्ट तिच्या पुढच्या सर्व इतिहासाचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

दात्याला आपल्या पैशाचे दृश्य फळ दाखवावे, ही युक्ती मात्र अमेरिकन बोर्डाला फार लवकर सुचली होती. त्याच बोर्डाच्या सिलोनमधील जाफना येथील निवासी शाळांत, ठरावीक वार्षिक रक्कम देणाऱ्या अमेरिकन दात्याला एका विद्यार्थ्याचे नाव ठेवण्याचा अधिकार मिळत असे. त्यामुळे तमिळ घरांत जन्मलेली मुले न्यू इंग्लंडच्या पाद्र्यांची आणि व्यापाऱ्यांची नावे घेऊन वावरली. १८५६ मध्ये बोर्डाने पॅसिफिक महासागरातील बेटांसाठी ‘मॉर्निंग स्टार’ नावाचे जहाज बांधायला घेतले तेव्हा रविवारच्या शाळांतील, म्हणजे धर्मशिक्षणाच्या साप्ताहिक वर्गांतील, मुलांना दहा सेंटांचा एक असे जहाजाचे भाग विकले आणि प्रत्येकाच्या हाती तसे प्रमाणपत्र दिले. आजच्या शेळीच्या कार्डाचा पूर्वज शोधायचा तर तो या प्रमाणपत्रातच आहे, कारण मुलाला आपण जहाजाचे मालक असल्याचा आनंद मिळत होता आणि जहाज मात्र त्याने कधी न पाहिलेल्या लोकांसाठी जात होते. १८६८ मध्ये बोस्टनमध्ये स्त्रियांचे वेगळे मिशन मंडळ निघाले, त्याने हीच पद्धत घराघरांतील लहान दानपेट्यांपर्यंत नेली. १८८७ च्या डिसेंबरात त्याच शहरात पंडिता रमाबाईंच्या कार्यासाठी जी संस्था उभी राहिली तिच्या सभासदांनी दहा वर्षे ठरावीक वर्गणी देण्याचे वचन दिले. त्या सुमारास अमेरिकेत नाताळ हा घरोघरचा सण झालेलाच होता. १८८८ मध्ये दक्षिणेकडील बाप्टिस्ट स्त्रियांनी चीनमधील मिशनरी लॉटी मून यांच्या विनंतीवरून नाताळचे खास अर्पण गोळा केले, त्यात तीन हजारांहून अधिक डॉलर जमले आणि सणाचा खर्च वळवून दूरच्या कामाला देण्याची रीत पक्की झाली.

या सगळ्या पूर्वतयारीचा खरा कस लागला तो १८९९–१९०० च्या दुष्काळात. विक्रम संवत १९५६ मध्ये आल्यामुळे ‘छप्पन्नचा दुष्काळ’ म्हणून ओळखली जाणारी ही आपत्ती १८९६–९७ च्या दुष्काळातून आणि प्लेगमधून पुरते न सावरलेल्या नगर जिल्ह्यावर कोसळली. १८७४ पासून नगरमध्ये काम करणारे आणि १८७८ मध्ये तेथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढणारे रॉबर्ट ह्यूम मदतकार्याचे प्रमुख झाले. हे गृहस्थ मुंबईतच जन्मलेले होते. न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाचे मालक लुई क्लॉप्श यांनी वाचकांकडून निधी उभारला. ‘किटो’ नावाच्या जहाजातून दोन लाख बुशेल मका १९०० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून निघाला आणि त्या जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने दिले. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या लोकांना तो मका परका वाटला असेल, पण भुकेपुढे ती तक्रार टिकणारी नव्हती. धान्य संपते आणि अनाथ मूल उरते, म्हणून त्यानंतरची योजना मुलांची होती. अमेरिकेतील एका कुटुंबाने, एका रविवारच्या शाळेने किंवा एका वाचकाने एका मुलाच्या वर्षभराच्या खर्चाचा भार उचलायचा, त्याचे नाव आणि छायाचित्र त्यांच्याकडे जायचे आणि अधूनमधून मुलाची खबर कळवायची, अशी ही व्यवस्था होती. ह्यूम यांना १९०१ मध्ये कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. परंतु त्या कामाचे मोल पदकापेक्षा या मुलांच्या पुढच्या आयुष्यात शोधावे लागते.

या मदतीवर त्या काळीही आक्षेप होते आणि ते निराधार म्हणता येत नाहीत. उपाशी मुलाच्या तोंडात घास घालणाऱ्याने त्याचा धर्मही ठरवावा काय, हा प्रश्न १८९१ मध्ये ‘केसरी’ने पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाबाबत विचारला होता आणि दुष्काळानंतर तो अधिक तीव्र झाला. त्याचे उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. जे मूल जगले ते आपल्या गावापासून आणि जातीच्या माणसांपासून तुटले हे खरे; पण महार-मांग वस्त्यांतील मुलांना ज्या गावाने विहिरीवर पाणी भरू दिले नव्हते त्या गावापासून तुटणे हे केवळ नुकसान होते असे म्हणणेही अन्यायाचे होईल. दात्याने मुलाला नाव देण्याची जाफन्याची जुनी चाल आणि दात्याला मुलाचे नाव कळवण्याची नगरची चाल यांतला फरक मात्र महत्त्वाचा आहे, कारण पहिलीत घेणाऱ्याची ओळख पुसली जाते आणि दुसरीत ती निदान कागदावर तरी टिकते.

मुलांना केवळ पोसणे पुरेसे नाही हे मिशनला लवकरच उमगले. पारशी दानशूर सर दिनशा माणेकजी पेटिट यांचे नाव मिळालेल्या नगरच्या औद्योगिक शाळेत सुतारकाम, धातुकाम आणि गालिचे विणणे शिकवले जाई, आणि डेव्हिड चर्चिल या अमेरिकन अभियंत्याने नगरमध्येच सुधारित हातमाग तयार केला. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी दुष्काळातील पोरक्या मुलांना जवळ केले, त्या काळाचे चित्रण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे. तेथे अनाथ मूल हे छायाचित्रातले मूल राहत नाही. ते रडते, रुसते, आजारी पडते आणि घराची घडी विस्कटते. परदेशी दात्याला पाठवलेल्या अहवालात जे कधीच मावले नाही ते मराठी गृहिणीच्या आठवणींत आले, म्हणून दानाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही त्या ग्रंथाचे मोल मोठे आहे. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यामागेही परदेशी पैशावर उभी असलेली मंडळी स्वतःच्या पायांवर यावी ही तळमळ होती.

तशी ती येतही होती, जरी तिचे देणे रोख रकमेत क्वचितच दिसे. खेड्यांतील मंडळ्यांत हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, लोक धान्य, भाजी, अंडी, कोंबडी असे जे असेल ते घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. लिलावात चढाओढीने बोली लागते, चार अंडी बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातात, आणि अनेकदा घेणारा ती वस्तू पुन्हा लिलावाला देतो. परदेशी सूचीतली शेळी चित्रातली असते आणि तिची किंमत ठरलेली असते. येथे कोंबडी समोर असते आणि तिची किंमत मंडळी मिळून वाढवते. ज्याच्याकडे रोकड नाही त्यालाही दाता होता येते, हा या रीतीचा सर्वांत मोठा गुण आहे आणि नव्या पद्धतीच्या भेटींचा विचार करणाऱ्यांनी तिच्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही.

नगरला या विषयाशी जोडणारा आणखी एक धागा मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा आहे. १८९१ च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्को येथे या संस्थेचे कॅप्टन जोसेफ मॅकफी यांनी गरिबांच्या जेवणासाठी रस्त्यात एक भांडे टांगून ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्यात नाणी टाकली. तेथून नाताळच्या दानपात्राची प्रथा जगभर गेली. १९३९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे नगरमधील रुग्णालय याच मुक्तिफौजेकडे आले आणि तिच्या प्रमुख राहिलेल्या इव्हँजेलीन बूथ यांच्या नावाने ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणून प्रसिद्ध झाले. 

सुरुवातीला सांगितलेली शेळी-गाईंची भेट मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जन्माला आली. स्पेनमधील यादवीत मुलांना दूध वाटणारे अमेरिकन शेतकरी डॅन वेस्ट यांनी दूध संपते, गाय राहते, असा विचार करून १९४४ मध्ये १७ कालवडी प्वेर्तो रिकोला पाठवल्या आणि पुढे याच कल्पनेवर नाताळच्या सूच्या निघाल्या. मूल दत्तक घेतल्यासारखे छायाचित्र पाठवण्याच्या पद्धतीवर नंतर टीका झाल्यामुळे आज बहुतेक संस्था देणगी एका मुलाऐवजी सबंध गावासाठी वापरतात, आणि सूचीतल्या शेळीखाली लहान अक्षरांत ही रक्कम गरजेप्रमाणे अन्य कामासही वापरली जाईल असे लिहितात.

नगरच्या संस्थांपुढे आज वेगळा पेच आहे. परदेशी देणगी घेण्यासाठी २०१० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील शाखेतच जमा व्हावी लागते. त्यामुळे बोस्टनमधल्या, अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबाने नाताळची भेट म्हणून जिल्ह्यातील वसतिगृहाला थोडे पैसे पाठवायचे म्हटले तरी ते सोपे राहिलेले नाही. लहान संस्थांना अशा वेळी गावातल्याच दात्यांकडे वळावे लागते. सावेडीतल्या एखाद्या घराने बहिणीच्या किंवा मुलाच्या नावाने नाताळला देणगी द्यायची ठरवली तर आयकर सवलतीसाठीची पावती पैसे भरणाऱ्याच्या नावानेच निघते, रोख दिलेल्या दोन हजारांवरील रकमेस सवलत मिळत नाही, आणि ज्याच्यासाठी भेट दिली त्याचे नाव घालून कार्ड लिहिण्याचे काम संस्थेच्या कार्यालयाला वेगळे करावे लागते.