हरवलेल्या आवाजाचे पाकीट

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपल्यापैकी अनेकांचा वर्ग मोबाईलमध्ये आला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातून घाटमाथ्याकडे जावे तसतशी रेंज विरळ होत जाते. अशा ठिकाणी चित्र थांबले तरी निभावते, पण आवाज तुटला की धडाच संपतो. तेवढ्याशा रेंजवर जो आवाज तग धरतो, त्यामागे अर्ध्या शतकाची खटपट आहे.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स यांच्या दरम्यान बोलून पाहिले. आवाजाचे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा पाकिटात घालून धाडायचा. मजकुराचे पाकीट हरवले तर पुन्हा मागवता येते. बोलण्यात मात्र असे थांबलो तर मागचा सगळा आवाज तुंबतो, कारण साधारण १५० मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. म्हणून हरवले ते सोडून द्यायचे!

दुसरी अडचण आकाराची. साध्या डिजिटल टेलिफोनमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक ८ बिटांचा. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. बेल प्रयोगशाळेतील बिष्णू अटल (बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले) आणि मानफ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये वेगळी युक्ती मांडली. आवाज जसाच्या तसा पाठवायचाच नाही. घसा व तोंडाची पोकळी क्षणोक्षणी आकार बदलते, त्याचे आकडे पाठवायचे. सोबत एका ठरावीक कोशातल्या सर्वांत जुळणाऱ्या ध्वनीचा क्रमांक. पलीकडचे यंत्र त्यावरून आवाज पुन्हा घडवते. तेव्हा क्रे-१ या महासंगणकालाही एका सेकंदाच्या बोलण्यासाठी शंभराहून अधिक सेकंद लागले होते.

यंत्रे वेगवान झाली, पण या पद्धतीच्या अनेक रूपांवर पेटंटे बसली. १९९९ साली मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्याने, टेलिफोन एक्स्चेंज विकत घेणे परवडेना म्हणून, 'ॲस्टेरिस्क' हे एक्स्चेंज स्वतःच लिहिले आणि त्याची आज्ञावली सर्वांना खुली केली. ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. आम्हाला मात्र ज्याँ-मार्क व्हॅलँ या कॅनडातील तरुणाचे काम अधिक कठीण वाटते. २००२ मध्ये त्याने अटल-श्रोडर यांच्याच कल्पनेवर, पण पेटंटाच्या वाटा चुकवत, 'स्पीक्स' हा मुक्त कोडेक (आवाज आवळणारी व उलगडणारी आज्ञावली) लिहायला घेतला. पुढे तो व त्याचे सहकारी स्काईपच्या अभियंत्यांबरोबर बसले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये 'ओपस' हे खुले मानक प्रसिद्ध झाले.

ओपसला सेकंदाला ६,००० बिटही पुरतात. त्याच्या एका पाकिटात बहुधा सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज असतो. आणि हरवलेल्या पाकिटाचे काय? जाळे गळके आहे असे दिसले, तर बोलण्याच्या प्रत्येक पाकिटात आधीच्या पाकिटाची ढोबळ नक्कलही घालता येते. पहिले वाटेत हरवले तरी दुसऱ्यातून ते निम्मेशिम्मे परत मिळते. जित्सी, गूगल मीट, व्हॉट्सॲप यांच्या कॉलमध्ये हाच ओपस वापरला गेला आहे. त्याची आज्ञावली आजही कोणालाही उतरवून घेऊन वाचता येते, शाळेतल्या संगणकावरही.