दोन लोहमार्गांची चौफुली

रस्त्यांच्या चौफुलीवर गाडीवान एकमेकांस पाहून लगाम ओढतात, कोणी हात करतो आणि वाट मोकळी होते. आगगाडीस ही सोय नाहीं. समोरचा धोका दिसला तरी तिला जागच्या जागीं थांबतां येत नाहीं. म्हणून दोन लोहमार्ग एकाच पातळीवर छेदतात तेथें अगोदर कोणी जावयाचें, हें गाड्या दूर असतांनाच ठरावें लागतें.

शिकागोच्या दक्षिणेस हें ठरलेंच नव्हतें. तेथें मिशिगन सदर्न कंपनीचा मार्ग ओलांडल्यावांचून इलिनॉय सेंट्रल कंपनीस शहरांत शिरतां येईना. संमति मिळेना, तेव्हां १८५२ सालीं तिचे एंजिनियर रॉस्वेल मेसन यांनीं छेदरूळ गुपचूप बसवून घेतले! रूळ जुळले, पण मनें जुळलीं नाहींत. आणि भांडणाऱ्या दोन कंपन्यांनीं मिळून तेथें पहारा कसा ठेवावा? २५ एप्रिल १८५३ च्या रात्रीं मिशिगन सदर्नची एक गाडी आणि इलिनॉय सेंट्रलचे रूळ वापरणाऱ्या मिशिगन सेंट्रल कंपनीची दुसरी, अशा दोन गाड्या तेथें एकमेकींवर आदळल्या. अठरा माणसें ठार झालीं. पुढें प्रत्येक गाडीनें चौफुलीपाशीं पूर्ण थांबावें असा निर्बंध आला. गाड्या थांबूं लागल्या तशी त्या ओसाड जागीं वस्तीही वाढली. तिचें नांव ग्रँड क्रॉसिंग.

इतर चौफुल्यांवर उंच खांबाला दोरीनें मोठे गोळे टांगीत. ठरलेला गोळा वर चढला कीं त्या मार्गाच्या गाडीस मुभा. रात्रीं गोळ्याच्या जागीं कंदील. (भरधाव जाण्याच्या इशाऱ्यास अमेरिकन रेल्वेवाले ‘हायबॉल’ म्हणूं लागले तें यावरूनच.) परंतु दोरी ओढणारा माणूसच चुकला तर?

याचें उत्तर इंग्लंडांत निघालें. सांधे व सिग्नल एकमेकांशीं जोडण्याचें पेटंट जॉन सॅक्सबी यांनीं १८५६ सालीं घेतलें. लंडनच्या केंटिश टाउन येथें १८६० सालीं ऑस्टिन चेंबर्स यांनीं ती योजना अधिक पक्की केली. तत्त्व साधें आहे. एका मार्गाची तरफ ओढली कीं दुसऱ्या मार्गाची तरफ लोखंडी खिट्टीनें अडकून पडते. कामगार थकलेला असो, घाबरलेला असो, दोन्ही सिग्नल एकदम मोकळे करणें त्याच्या हातीं उरत नाहीं. ८० माणसें बळी पडलेल्या आर्मा येथील अपघातानंतर १८८९ सालीं ब्रिटिश कायद्यानें प्रवासी मार्गांवर ही व्यवस्था सक्तीची केली. अर्थात् तो अपघात चौफुलीवरचा नव्हता. अमेरिकेंतील अनेक राज्यांनींही अशी यंत्रें असलेल्या चौफुल्यांवरून गाड्यांस न थांबतां जाण्याची परवानगी दिली.

ग्रँड क्रॉसिंगचा तंटा मात्र मातीच्या भरावांनीं व पुलांनींच मिटला. १९१२ पर्यंत तेथील मार्ग वेगवेगळ्या उंचीवर गेले.