वेठ, निस्तार व मजुरी : चांद्याच्या रानांतील श्रमाचा इतिहास

जुने कागद जमविणाऱ्या मनुष्याची नजर प्रथम शिक्क्याकडे जाते. सनद, महजर, ताकीदपत्र किंवा वंशावळ हातीं लागली तर तो ती जपून दिव्याजवळ नेतो. आणि त्याच रुमालांत मजुरांच्या हजेरीचा अथवा लांकूडफांट्याच्या हिशेबाचा ताव निघाला तर बाजूस सारतो. प्रस्तुत लेखकानेंही पुष्कळ वर्षें हेंच केलें. चांदा प्रांताविषयीं, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांविषयीं, आपलें ज्ञान गोंड राजांच्या नामावळींत आणि किल्ल्याच्या तटाभोंवतीं घोटाळत राहिलें, त्याचें एक कारण ही संवय होय.

डाव्या विचाराचे अभ्यासक या संवयीवर फार दिवसांपासून आक्षेप घेत आले आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९५६ सालच्या आपल्या ग्रंथांत, उत्पादनाचीं साधनें व उत्पादनांतील माणसामाणसांचे संबंध यांत कालक्रमानें होत गेलेल्या बदलांचें निरूपण, अशीच इतिहासाची व्याख्या केली. राज्य कोणाचें, हें विचारण्याआधीं काम कोण करी व त्या कामाचें फळ कोणाच्या घरीं जाई हें विचारावें, असा त्याचा सरळ अर्थ. हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र पुष्कळदां आधींच पाठ केलेलें असतें : खेडें म्हटलें कीं जमीनदार व कूळ, शहर म्हटलें कीं गिरणीमालक व संप. चांद्याचें पूर्वेकडील रान या दोन्ही सांच्यांत बसत नाहीं. तेथें जमीन विपुल व हात थोडे होते. म्हणून तेथील सत्तेचा खरा विषय जमीन नसून माणसाचा श्रम होता, आणि पुढें रान बंद झालें तेंही त्या श्रमाच्या दृष्टीनें पाहिल्यावांचून नीट कळत नाहीं, एवढेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

डाव्या अर्थविचाराचा उगम गिरणीच्या भोंग्यापाशीं झाला अशी सामान्य समजूत आहे. परंतु कार्ल मार्क्स यानें १८५९ सालीं एका प्रस्तावनेंत स्वतःच सांगितलें आहे कीं, आर्थिक प्रश्नांकडे आपलें लक्ष प्रथम वळलें तें १८४२-४३ त, वर्तमानपत्राचा संपादक असतां ऱ्हाइन प्रांताच्या सभेंतील लांकूडचोरीच्या कायद्यावर लिहितांना. रानांत पडलेलें वाळकें लांकूड वेंचणें हा गरिबांचा जुना वहिवाटीचा हक्क. कायद्यानें त्यास चोरी ठरविलें. मौज अशी कीं, १८६४ सालीं हिंदुस्थानच्या जंगलखात्याचा पहिला मुख्य अधिकारी म्हणून नेमला गेलेला डीट्रिख ब्रँडिस हा त्याच ऱ्हाइनकांठच्या बॉन शहरचा. अर्थात् योगायोगावर सिद्धान्त उभारूं नये. ब्रँडिसचें मत गांवांकडे त्यांचीं स्वतंत्र रानें राखावीं याच बाजूचें होतें. १८७८ च्या जंगल कायद्यांत बेडन-पॉवेल याचा सरकारी मालकीचा पक्षच पुष्कळ अंशीं वरचढ ठरला. पण ऱ्हाइनकांठीं वाळक्या काटकीवरून उठलेला प्रश्न प्राणहितेच्या कांठींही उठणार होता.

नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर १८५४ त चांदा इंग्रजी अमलाखालीं आला. सिरोंचाचा मुलूख १८६० पर्यंत निजामाकडे होता. १८६० नंतरच्या जमाबंदींत खालसा गांवांच्या पाटलांस मालगुजारीचा हक्क मिळाला. या कामाचा लूसी स्मिथ याचा १८६९ चा अहवाल संग्राहकांस परिचित आहेच. पूर्वेकडील जमीनदाऱ्या मात्र आपल्या जुन्या रीतीनें चालत राहिल्या. या मुलखांत वेठीचीं, म्हणजे बिगारीचीं, कामें काय होतीं तें सांगणें कठीण नाहीं : दौऱ्यावरील अंमलदाराचें ओझें पुढच्या गांवीं पोंचविणें, जमीनदाराचें घर शाकारणें, गवत व सरपण पुरविणें, हांका घालणें. डब्ल्यू. व्ही. ग्रिग्सन यानें मध्यप्रांत-वऱ्हाडांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून १९४४ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतही बिगारीचा विचार आहे. म्हणजे हा प्रकार आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत जिवंत होता.

रान अफाट व माणसें विरळ अशा ठिकाणीं सक्ती कां लागते, याचें मार्मिक विवेचन मार्क्सच्या १८६७ च्या मुख्य ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणांत आहे. पील नांवाचा एक इंग्रज ५०,००० पौंडांची सामग्री व कष्टकरी वर्गांतील ३,००० माणसें घेऊन ऑस्ट्रेलियांत स्वान नदीवर गेला. तेथें मोकळी जमीन पाहून तीं माणसें निघून गेलीं, आणि नदीवरून पाणी आणावयासही पीलपाशीं नोकर उरला नाहीं. जेथें मनुष्य स्वतःच्या हातानें पोट भरूं शकतो, तेथें तो आपखुशीनें दुसऱ्याचा मजूर होत नाहीं. माडिया व गोंड यांचें हेंच होतें. रान जाळून पेरावें, दोन-तीन वर्षांनीं दुसरीकडे जावें, मोहफुलें, चारोळी, कंदमुळें गोळा करावीं. असल्या माणसास रोजगाराची गरज काय? त्याच्याकडून काम घ्यावयाचें तर दोनच मार्ग. एक वेठीचा. दुसरा मार्ग त्याचें रान बंद करण्याचा.

पहिल्या मार्गाचा विचार करतांना १८५८ चें बंड डोळ्यांपुढें येतें. मोलमपल्लीचा जमीनदार बाबूराव शेडमाके यानें त्या वर्षीं मार्चमध्यें गोंड, माडिया व रोहिले जमवून राजगड परगण्यांत धामधूम केली. आरपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्यास मिळाला. २९ एप्रिल रोजीं प्राणहितेवर चिंचगुंडी येथें तारखात्यांतील गार्टलंड व हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. अखेर अहेरीची जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्या हस्तें बाबूराव इंग्रजांच्या हातीं पडला व २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यास फांशी देण्यांत आलें. लक्ष्मीबाईस बक्षीस म्हणून आरपल्ली व घोट येथील ६७ गांवें मिळालीं.

या घटनेस कोणी स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात, कोणी शोषितांचा उठाव म्हणतात. बाबूरावाचें शौर्य निर्विवाद आहे. परंतु जे यास वर्गलढा म्हणतात त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, लढणारा जमीनदार, त्यास धरून देणारी जमीनदारीण, आणि लाभ झाला तोही जमीनदारीचाच. ज्या माडियांनीं तिरकामठा घेतला ते कोणत्या नात्यानें आले ? भाऊबंद म्हणून, धन्याची आज्ञा म्हणून, कीं वेठ म्हणून ? ६७ गांवें एका लेखणीनें इकडची तिकडे झालीं तेव्हां त्या गांवांतील श्रमही इकडचा तिकडे झाला. मात्र बक्षिसाच्या आंकड्यांत गांवें मोजलीं जातात, माणसें नाहींत. डाव्या अभ्यासकांचा प्रश्न येथें उपयोगी पडतो, त्यांचें ठराविक उत्तर उपयोगी पडत नाहीं.

दुसरा मार्ग जंगलखात्याचा. १८६५, १८७८ व १९२७ या तीन कायद्यांनीं रानाची मालकी उत्तरोत्तर पक्की होत गेली. आलापल्लीचा साग राखावयाचा तर फिरती शेती बंद पाहिजे. आणि साग तोडावयाचा, आगरेषा साफ करावयाच्या, तर मजूर पाहिजेत. राखीव रानांतील वनग्रामांनीं दोन्ही गोष्टी साधल्या. तेथें कसावयास जमीन मिळे ती जंगलखात्याचें काम करण्याच्या बोलीवर. वेठीस जें बळानें साधत होतें तें आतां कायद्यानें साधूं लागलें, आणि बदल्यांत थोडी मजुरीही मिळूं लागली. हा भेद क्षुल्लक नव्हे : मजुरी ठरली कीं तिच्या दराबद्दल भांडतां येतें, वेठीचा दरच नसतो.

या मुलखांत निव्वळ मजुरीवर जगणारा कामगार खाणींतही तयार होत होता. वरोऱ्याची कोळशाची खाण १९०६ त बंद पडली, बल्लारपूर-घुग्घूसकडे नव्या निघाल्या, आणि १९४५ च्या सुमारास बल्लारपुरास कागदाचा कारखाना उभा राहिला. त्या कामगारांचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें इतकेंच सांगावयाचें कीं कारखान्यास लागणारा बांबू याच रानांतून जाई व तो तोडणारा मनुष्य कारखान्याच्या हजेरीपटावर नसे.

आतां राजकारणाविषयीं. १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत वारल्यांनीं किसान सभेच्या झेंड्याखालीं वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर यांचें त्यावरील १९७० चें पुस्तक सर्वश्रुत आहे. चांद्याच्या रानांत तसें कां झालें नाहीं ? अंतरें मोठीं, वस्ती विरळ, हीं कारणें आहेतच. मुख्य कारण निराळें दिसतें. वारल्यांचा सावकार परका होता. येथील जमीनदार बहुतेक गोंडच, देवकार्यांत मानाचा, नात्यागोत्याचा. वेठ व मान यांची अशी गुंफण झाली कीं एक तोडावयास गेल्यास दुसरें तुटे. याचाच पुढील दाखला म्हणजे पानाबरसच्या जमीनदार घराण्यांतील लालश्याम शाह. जमीन व जंगल यांसाठीं आदिवासींचें आंदोलन त्यांनींच उभारलें. १९६२ त चांद्यांतून ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले आणि १९६४ त त्यांनीं राजीनामा दिला. पक्ष नव्हता, पोथी नव्हती. जुना मान होता.

३१ मार्च १९५१ रोजीं जमीनदाऱ्या व मालगुजाऱ्या सरकारांत विलीन झाल्या. त्यांचीं रानेंही सरकारांत गेलीं, आणि गांवकऱ्यांच्या सरपण, चराई, बांबू यांच्या वहिवाटी निस्तारपत्रकांत नोंदल्या गेल्या. पुढें १९६९ च्या कायद्यानें तेंदूपानाचा व्यापार सरकारी मक्त्याखालीं आला. सत्तर पानांचें एक पुडकें, शंभर पुडक्यांस अमुक दर, हजार पुडक्यांची एक गोणी. उन्हाळ्याचे थोडे दिवस सारें घर पहांटेस पानें तोडूं लागे व सायंकाळीं फळीवर पुडकीं मोजून घेतलीं जात. १९८० सालीं स्थापन झालेल्या पीपल्स वॉर गटाचीं दळें त्याच वर्षीं गोदावरी ओलांडून सिरोंचाकडे आलीं, तेव्हां त्यांनीं उचललेला प्रमुख प्रश्न हा दराचा व बांबूतोडीच्या मजुरीचा होता. दर वाढले, हें नाकारतां येत नाहीं. त्याचबरोबर बंदूक आली, आणि पुढील चाळीस वर्षांत पोलिस व आदिवासी दोघेही मेले. खबऱ्या ठरवून मारलेला मनुष्य बहुधा पुडकीं बांधणारांपैकींच असे. श्रमिकांच्या नांवानें चाललेल्या राजकारणाचा हिशेब मांडतांना ही बाजू वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

प्रश्नास निराळें वळण लागलें तें कागदांनींच. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवानें रानांतील बांबू कागद-कारखान्यास तोडूं देण्यास हरकत घेतली ती आपल्या निस्तारहक्काच्या आधारें. २००६ च्या वनहक्क कायद्यांत बांबू गौण वनोपजांत गणला गेला. २००९ त मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर रानावरील सामूहिक हक्काची सनद मिळाली, आणि एप्रिल २०११ त तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं वाहतूक परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं दिलें. बांबू तोडणाराच आतां विकणारा झाला व मजुरीचा दर ग्रामसभा ठरवूं लागली. जिल्ह्यांतील इतर अनेक ग्रामसभाही पुढें तेंदूपान स्वतः विकूं लागल्या. ऱ्हाइनकांठच्या वाळक्या लांकडाच्या वादांत हरलेली वहिवाट येथें, निदान कांहीं गांवांपुरती, जिंकली.

म्हणून संग्राहकांस विनंती. जमीनदारी दप्तरांच्या रुमालांत वाजिब-उल-अर्जाच्या नकला, निस्तारपत्रकें, बिगारीच्या याद्या, जंगल-गुन्ह्यांच्या पावत्या, तसेंच अलीकडील तेंदूपानाचीं कार्डें व बांबूतोडीचे हजेरीपट सांपडल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. सिरोंचा, अहेरी व एटापल्ली या बाजूंचे कागद वाळवीनें झपाट्यानें जात आहेत. गांव, साल, कामाचा प्रकार, दर, अंगठा कीं सही, एवढ्या पांच गोष्टी टिपून तावाची नक्कल पाठविली तरी पुरे. मूळ ताव ज्याचा त्याच्याकडेच राहावा.