विधिमंडळ आणि सिल्व्हर पार्कचा मतदार

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधील मतदाराचा विधिमंडळाशी संबंध पाच वर्षांतून एकदा मतदान यंत्राचे बटण दाबण्यापुरताच असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. देशात दोन सभागृहे असलेल्या सहा राज्यांपैकी महाराष्ट्र एक, आणि विधान परिषदेच्या रचनेतही या मतदाराचा वाटा आहे. तो वाटा हलगर्जीपणामुळे वाया जातो.

विधानसभेचे गणित सरळ आहे. 288 मतदारसंघ, प्रत्येकी एक आमदार. त्यांतील 29 जागा अनुसूचित जातींसाठी आणि 25 अनुसूचित जमातींसाठी राखीव. सर्वाधिक मते मिळवणारा निवडून येतो. मीरा-भाईंदर हा 145 क्रमांकाचा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत तयार झाला. शहराचा काही भाग 146 ओवळा-माजिवड्यात गेला. या सीमा 2001 च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. तेव्हा शहराची लोकसंख्या सुमारे 5 लाख 20 हजार होती, 2011 मध्ये ती 8 लाख 9 हजारांवर गेली. माणसे वाढली, आमदार तेवढेच राहिले. वाढत्या शहरातल्या मताचे वजन असे घटत जाते, आणि पुढच्या पुनर्रचनेपर्यंत त्यावर इलाज नाही.

विधान परिषदेच्या 78 जागांपैकी 30 आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, 7 पदवीधर, 7 शिक्षक, आणि 12 जणांना राज्यपाल नियुक्त करतात. हे सभागृह विसर्जित होत नाही; दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. आमदारांच्या मतदानात पसंतीक्रम असतो. जुलै 2024 मध्ये 11 जागांसाठी 12 उमेदवार उभे होते, विधानसभेत 274 सदस्य होते, आणि विजयासाठी 23 मतांचा कोटा ठरला. मतदान गुप्त असल्याने एकेका आमदाराच्या दुसऱ्या पसंतीलाही भाव आला.

खरी दुखरी जागा स्थानिक संस्थांची. नगरसेवक निवडताना आपण परिषदेचा एक मतदारही निवडत असतो. ठाणे महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, मीरा-भाईंदरची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत, कारभार प्रशासकाकडे गेला. नगरसेवकच नव्हते, तर परिषदेसाठी मत कोण देणार होते? किमान तीन-चतुर्थांश संस्था आणि मतदार अस्तित्वात नसतील तर निवडणूक आयोग ही निवडणूक घेत नाही. त्यामुळे या दोन्ही पालिका ज्या मतदारसंघात येतात, ती परिषदेची ठाण्याची जागाही अडून पडली. पालिकेची निवडणूक लांबली की गटार-पाण्याचेच प्रश्न रखडतात असे नाही, राज्याच्या सभागृहातली खुर्चीही रिकामी राहते. हा दोष मला फार गंभीर वाटतो.

परिषदेचे अधिकार मर्यादित आहेत, हे खरे. धन विधेयक ती 14 दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. साधे विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना, एवढेच. शेवटचा शब्द विधानसभेचा. तरीही मंत्र्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार दोन्ही सभागृहांना सारखाच आहे, आणि रिकाम्या खुर्चीला प्रश्न विचारता येत नाही.

राहिला पदवीधर मतदारसंघ. सिल्व्हर पार्क कोकण विभागात येते. इथल्या पदवीधराला परिषदेसाठी थेट मत देता येते. मात्र ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे आपोआप येत नाही, मागच्या वेळी होते म्हणून टिकतही नाही. पात्रतेच्या 1 नोव्हेंबरपूर्वी पदवीला तीन वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. मतदान केंद्रात यंत्र नसते. कागदी मतपत्रिकेवर केंद्रातल्याच जांभळ्या पेनने उमेदवारापुढे 1, 2, 3 असे आकडे लिहायचे. बरोबरची खूण केली तर मत बाद.

कोकणातील ही निवडणूक 26 जून 2024 रोजी झाली. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. घरात पदवीधर असतील, तर पुढची नोंदणी सुरू होताच प्रत्येकाचा फॉर्म 18 भरा.