वॉट्सचे जंक्शन : लॉस एंजेलिसची वाढ, वाहतूक आणि संधी

लॉस एंजेलिसच्या वाढीचे आकडे थक्क करणारे आहेत. १८८० च्या खानेसुमारीत ११,१८३ वस्ती असलेले हे गाव १९०० साली १,०२,४७९ आणि १९३० साली १२,३८,०४८ लोकसंख्येचे महानगर झाले. हे शहर मोटारीमुळे विस्कळीतपणे पसरले, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु तो कालक्रमाशी जुळत नाही. शहराचा पसारा मोटारीच्या आधी रुळांनीच आखून ठेवला होता. ते रूळ कोणत्या हेतूने टाकले गेले हे ध्यानात घेतल्याखेरीज, पुढील काळात संधीची वाटणी इतकी विषम का झाली याचा उलगडा होत नाही. शहराच्या दक्षिण भागातील वॉट्स ही वसाहत या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे.

सदर्न पॅसिफिक रेल्वे १८७६ साली लॉस एंजेलिसला पोहोचली. पुढे सँटा फे रेल्वेशी तिची स्पर्धा जुंपली; १८८७ साली तर भाडी कमी करण्याची चढाओढ लागून मध्य-पश्चिमेकडील प्रवाशांचे लोंढे कॅलिफोर्नियात उतरले आणि जमिनीच्या सट्ट्याला ऊत आला. रेल्वे आणि जमीनविक्री यांचा हा संबंध अधिक पद्धतशीर केला तो हेन्री हंटिंग्टन याने. १९०१ साली त्याने पॅसिफिक इलेक्ट्रिक ही विजेवर चालणारी रेल्वे कंपनी स्थापन केली. ४ जुलै १९०२ रोजी लाँग बीचचा मार्ग खुला झाला आणि यथावकाश हे जाळे हजार मैलांपर्यंत वाढले. ओसाड माळरानांतून आधी गाडी न्यावी आणि मग गाडीच्या आधारे तेथील भूखंड विकावेत, असा हा व्यवहार होता. त्यासाठी हंटिंग्टनच्या जमीन कंपन्या रेल्वेच्या जोडीने काम करीत. भाड्याचे उत्पन्न या व्यवहारात दुय्यम होते.

वॉट्स हे या जाळ्यातील महत्त्वाचे जंक्शन होते. लाँग बीच आणि सॅन पेड्रो बंदराकडे जाणारा मुख्य मार्ग येथून जाई, तर सँटा आना शहराकडे जाणारा फाटा येथेच पूर्वेस वळे. रूळ टाकणारे मजूर बहुसंख्येने मेक्सिकन होते. अल्प वेतनाविरुद्ध त्यांनी १९०३ च्या एप्रिलमध्ये संप केला, पण तो फसला. वॉट्समध्ये भूखंड स्वस्त असल्याने मेक्सिकन, गोरे आणि कृष्णवर्णीय कष्टकरी तेथे शेजारीशेजारी राहू लागले. १९०७ साली स्वतंत्र नगर झालेले वॉट्स १९२६ साली लॉस एंजेलिसमध्ये विलीन झाले. इतरत्र मात्र खरेदीखतांतच कृष्णवर्णीयांना घर न विकण्याच्या अटी घातल्या जात. असल्या अटींची न्यायालयांकरवी अंमलबजावणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. तोपर्यंत शहरातील कृष्णवर्णीयांची संख्या १९४० मधील ६३,७७४ वरून झपाट्याने वाढत चालली होती. १९५० साली ती १,७१,२०९ झाली. युद्धकालीन कारखान्यांच्या ओढीने आलेल्या या लोकांना राहण्यास मोजकेच भाग खुले होते, आणि वॉट्स त्यांपैकी एक होते.

याच सुमारास रुळांचा आधार सुटत होता. मोटार कंपन्यांनी कट करून ट्राम बुडवली, ही कथा लोकप्रिय आहे. जनरल मोटर्स प्रभृती कंपन्यांना बसगाड्या व इतर सामग्रीच्या विक्रीत मक्तेदारी करण्याच्या कटाबद्दल १९४९ साली दोषी ठरविण्यात आले, हे खरे. तथापि पॅसिफिक इलेक्ट्रिक सदर्न पॅसिफिकच्या मालकीची होती, त्या कंपन्यांच्या नव्हे; आणि तिच्या ऱ्हासाची कारणे पुष्कळ जुनी होती. भूखंड विकून झाल्यावर गाडीचा तोटा सोसण्याचे प्रयोजन मालकास उरले नाही. भाडेवाढीस राज्याच्या नियामक मंडळाची संमती लागे. आणि मोटारींनी भरलेल्या रस्त्यांत गाड्या अडकून पडत. १९२० साली मध्यवर्ती भागात दिवसा मोटारी उभ्या करण्यास घातलेली बंदी व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही आठवड्यांतच शिथिल करावी लागली. १९२५ साली मांडलेली जलद लोहमार्गाची योजनाही अमलात आली नाही. डिसेंबर १९४० मध्ये अरोयो सेको पार्कवे खुला झाला व द्रुतगती मार्गांचे युग सुरू झाले. वॉट्समधून लाँग बीचला जाणारी अखेरची गाडी एप्रिल १९६१ मध्ये बंद पडली.

त्यानंतर चार वर्षांनी, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्समध्ये उद्रेक होऊन ३४ माणसे मृत्युमुखी पडली. जॉन मॅकोन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने आपल्या अहवालात अपुऱ्या व महागड्या सार्वजनिक वाहतुकीचा स्वतंत्र निर्देश केला : तीमुळे तेथील रहिवाशांना काम शोधणे व टिकवणे, शाळेत जाणे आणि बाजारहाट करणे दुष्कर होत होते. पोलिसांविषयीचा रोष, घरांबाबतचा पक्षपात आणि बेकारी ही कारणे अर्थातच होती, आणि एकट्या वाहतुकीवर सर्व भार टाकणे अनैतिहासिक ठरेल. तरीही उद्योग उपनगरांकडे सरकत असता ज्याच्यापाशी मोटार नाही त्याचे अंतर वाढत गेले, हे नाकारता येत नाही. घर आणि काम यांच्यातील या दुराव्याची मीमांसा १९६८ साली जॉन केन या अर्थशास्त्रज्ञाने शिकागो व डेट्रॉइटच्या आधारे केली. वॉट्सचा अनुभव तिच्याशी जुळणारा आहे.

जुलै १९९० मध्ये लाँग बीचपर्यंतची रेल्वे बव्हंशी त्याच जुन्या मार्गावरून पुन्हा सुरू झाली आणि वॉट्सला पुन्हा स्थानक मिळाले. परंतु याने प्रश्न मिटला नाही. रेल्वेवर अमाप खर्च होत असता बसचे भाडे वाढविणे हा गरीब अल्पसंख्य प्रवाशांविरुद्धचा भेदभाव आहे, असा दावा बसप्रवाशांच्या संघटनेने १९९४ साली लावला. १९९६ च्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने प्राधिकरणास भाडी मर्यादित ठेवणे व बसमधील गर्दी कमी करणे बंधनकारक झाले. हंटिंग्टनच्या काळी मार्ग कोठून न्यावा हे जमिनीच्या किमतीवर ठरत असे, आणि त्यावर प्रवाशाचे मत कोणी विचारले नव्हते. नव्वद वर्षांनी न्यायालयात का होईना, तो प्रथमच या हिशेबात पक्षकार म्हणून उभा राहिला. वॉट्सच्या इतिहासात त्या दाव्याचे महत्त्व रुळांच्या पुनरागमनाहून कमी मानता येणार नाही.